नव्या गाडीतील दोष सिद्ध कोणी करायचा?

मोटारगाडीचा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या बैठकीत निघाला की बहुधा दोन प्रतिक्रिया उमटतात. मोटार ही सुखवस्तूंची चैन असून तिच्या मालकांची गाऱ्हाणी ऐकण्यास चळवळीला सवड नाही, ही एक. आणि मोटारी कमी करून एसटी व शहर बससेवा वाढविणे हाच खरा कार्यक्रम आहे, ही दुसरी. दुसऱ्या प्रतिक्रियेशी येथे वाद नाही. धोरण म्हणून ती बरोबरच आहे. पहिली मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या समाजचित्रावर उभी आहे. मोटार बाळगणे म्हणजे कारखानदार, डॉक्टर किंवा मोठा बागायतदार असणे, हा काळ केव्हाच मागे पडला. आज मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथील शोरूममधून नवी कोरी गाडी बाहेर काढणाऱ्यांत गावाकडची शेती पुरत नाही म्हणून शहरात आलेला, कर्ज काढून टॅक्सी चालविणारा तरुण असतो. शाळकरी मुलांची ने-आण करणारा असतो. भाजीपाला व दूध वाहणारा छोटा टेंपोवाला असतो. त्याच्या दृष्टीने गाडी ही चैन नव्हे. विणकराचा माग किंवा शिंप्याचे यंत्र जसे, तसे ते उत्पन्नाचे साधन आहे, आणि ते बहुधा त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कर्जही आहे.

समजा, अशा एका तरुणाने ८ लाख रुपयांची गाडी घेतली. दीड लाख रुपये पत्नीचे दागिने मोडून व नातलगांकडून उसने आणून भरले. साडेसहा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी दरसाल १० टक्के व्याजाने काढले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १३,८०० रुपये होतो आणि पाच वर्षांत तो ८ लाख २८ हजारांहून अधिक रक्कम फेडतो. तिसऱ्याच आठवड्यात चढावर गाडीचा गिअर सुटू लागला. गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये गेली. चार दिवसांनी 'तपासली, सर्व ठीक' असा शेरा घेऊन परत आली. पुन्हा तेच घडले, पुन्हा गाडी आत गेली, एक भाग बदलला गेला. तिसऱ्या वेळी भाग शिल्लक नसल्याने गाडी दोन आठवडे उभी राहिली. पहिल्या सहा महिन्यांत गाडी एकूण चाळीस दिवस बंद होती असे धरले, तर केवळ त्या दिवसांच्या हप्त्यांपोटी त्याने सुमारे १८,४०० रुपये भरले. बुडालेली कमाई वेगळी. कंपनीच्या हिशेबी मात्र त्याचे काहीच नुकसान झालेले नाही, कारण दुरुस्ती तर 'मोफत' झाली!

या मोफत दुरुस्तीच्या शब्दातच सगळा प्रश्न दडलेला आहे. कारखान्याच्या दारात पुरेशी तपासणी न करता माल बाहेर पाठवावा आणि तपासणीचे काम रस्त्यावर ग्राहकाकडून करून घ्यावे, ही उत्पादकाच्या दृष्टीने काटकसर असते. तो खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त उत्पादकाच्या खातेवहीतून निघून टॅक्सीवाल्याच्या घरखर्चात जमा होतो. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. साध्या भाषेत त्याला दुसऱ्याच्या खिशातून धंदा करणे म्हणतात.

कायदा याबाबत काय सांगतो? भारतातील मालविक्रीचा मूळ कायदा १९३० सालचा, म्हणजे ब्रिटिश अमदानीतील, आणि तोही इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावरून बेतलेला. 'घेणाऱ्याने सावध राहावे' हे त्याचे मूळ तत्त्व आहे. कलम १६ मध्ये या तत्त्वाला अपवाद आहेत. ग्राहकाने आपले प्रयोजन सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल तर तो त्या प्रयोजनास योग्य असला पाहिजे, अशी गर्भित शर्त त्यात मानलेली आहे. परंतु लगेच पुढे पुस्ती आहे की, पेटंट किंवा व्यापारी नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूला ही शर्त लागू नाही. आज व्यापारी नावावाचून कोणती मोटार विकली जाते? माल विकाऊ दर्जाचा असावा ही दुसरी गर्भित शर्त शिल्लक राहते खरी. पण कलम १३ प्रमाणे एकदा माल स्वीकारला की शर्तभंगाकडे केवळ हमीभंग म्हणून पाहायचे, म्हणजे माल परत करण्याचा हक्क जाऊन फक्त नुकसानभरपाई मागण्याचा उरतो. आणि कलम ६२ सांगते की या गर्भित गोष्टी पक्षकारांना आपसातील कराराने वगळता येतात. करार कोण लिहितो? कंपनी. सही कोण करतो? हार घातलेल्या गाडीपुढे, पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन उभा असलेला ग्राहक. ज्या इंग्लंडकडून हा कायदा घेतला त्याने १९७३ व १९७७ साली कायदे करून ग्राहकाच्या गर्भित हक्कांवर अशी पळवाट काढण्यास मनाई केली. भारतातील १९३० च्या कायद्यात ही तरतूद तशीच राहिली.

मोटारीचा आणि या कायद्याचा संघर्ष नवा नाही. विसाव्या शतकात उत्पादकाच्या जबाबदारीचा कायदा अमेरिकेत घडला तो मुख्यतः मोटारींच्याच खटल्यांतून. ब्यूक कंपनीच्या एका गाडीचे लाकडी आऱ्यांचे चाक मोडून मालक बाहेर फेकला गेला. कंपनीचा बचाव असा की, गाडी विक्रेत्याने विकली, चाक दुसऱ्याच कारखान्याने बनविले, आणि जखमी माणसाशी कंपनीचा करारच झालेला नाही. १९१६ साली न्यूयॉर्कचे न्यायमूर्ती कार्डोझो यांनी हा बचाव फेटाळला आणि वस्तू बेपर्वाईने बनविली तर धोकादायक ठरणार असेल, तर उत्पादकाची जबाबदारी करारापलीकडे जाते असा निर्वाळा दिला. त्याहून बोधप्रद आहे तो न्यू जर्सीमधील १९६० चा हेनिंगसेन खटला. १९५५ साली घेतलेली प्लिमथ गाडी दहा दिवसांत, जेमतेम ४६८ मैल चालल्यावर, सुकाणू हातातून सुटून भिंतीवर आदळली. करारपत्राच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत लिहिले होते की, सदोष भाग बदलून देण्यापलीकडे कंपनीवर कसलेही दायित्व नाही. न्यायालयाच्या ध्यानात आले की हा मजकूर एकट्या त्या कंपनीचा नाही. मोटार उत्पादकांच्या संघटनेने तो तयार केला असून मोठ्या कंपन्या तोच वापरतात. म्हणजे ग्राहक एका दुकानातून उठून दुसऱ्या दुकानात गेला तरी त्याला तोच कागद मिळणार. अशा ठिकाणी 'कराराचे स्वातंत्र्य' हा शब्दप्रयोग फसवा आहे, हे ओळखून न्यायालयाने ती अट लोकहिताविरुद्ध म्हणून रद्द ठरविली.

स्पर्धा आली की ग्राहक आपोआप राजा होतो, असे १९९१ नंतर भारतात सातत्याने सांगितले गेले. त्यांनी हा निकाल वाचावा. कंपन्या रंगात, जाहिरातीत, किमतीत, काचेच्या छतात स्पर्धा करतात. वॉरंटीच्या पुस्तिकेतील बारीक अक्षरांत मात्र त्यांच्यात विलक्षण एकमत असते.

तथापि याच न्यायाने जुन्या काळाचेही परखड मूल्यमापन केले पाहिजे. परवाना-पद्धतीच्या वर्षांत देशात मोटारींच्या मोजक्याच जाती होत्या. फियाट किंवा अ‍ॅम्बॅसिडरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. स्कूटरच्या नोंदणीपत्रावरही वरकड पैसे मोजले जात. इतकी वाट पाहून मिळालेली गाडी आधी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेऊन नटबोल्ट आवळून घ्यावेत, ही घराघरांतली रीत होती. तक्रार कोणी करीत नसे, कारण तक्रार करणाऱ्याची जागा घेण्यास मागे मोठी रांग उभी असे. उत्पादनावर सामाजिक नियंत्रण हवे असा आग्रह धरणाऱ्या समाजवाद्यांनी त्या काळी उत्पादनाच्या परिमाणाचा विचार केला, मालकीचा केला, कामगाराच्या वेतनाचा केला. पण त्या मालाच्या गुणवत्तेविषयी उत्पादकाने जनतेला उत्तर द्यावे, या मुद्द्याला कार्यक्रमात फार थोडी जागा दिली. ही चूक मोकळेपणाने मान्य करण्यात कमीपणा नाही. टंचाईतील मक्तेदार आणि विपुलतेतील मक्तेदार यांचा पोशाख वेगळा असतो. एकटा ग्राहक दोघांपुढे सारखाच हतबल असतो.

मात्र ग्राहकाचा प्रश्न चळवळीला परका होता असेही नाही. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार महिला संयुक्त समितीतून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी लाटणी हाती घेऊन जे आंदोलन उभारले, ते ग्राहकांचेच आंदोलन होते. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली. तिची वैचारिक बैठक निराळी असली तरी ग्राहकाने संघटित व्हावे हा विचार तिने महाराष्ट्रात रुजविला. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यात १९८४ साली अनुचित व्यापारी प्रथांचे प्रकरण आले, आणि डिसेंबर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला. वकिलावाचून, नाममात्र शुल्कात, थोड्या दिवसांत न्याय, हे त्याचे आश्वासन होते. २० जुलै २०२० पासून त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा अमलात आला आहे.

हा कायदा कागदावर दुबळा नाही, हे कार्यकर्त्यांनी आधी समजून घेतले पाहिजे. गुणवत्ता, क्षमता, शुद्धता किंवा प्रमाण यांतील कोणतीही उणीव म्हणजे दोष, अशी त्याची व्यापक व्याख्या आहे. दोष सिद्ध झाल्यास आयोग तो दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा आणि शिवाय भरपाईचा आदेश देऊ शकतो. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे, आणि तीही ग्राहक जेथे राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचे मुख्यालय दिल्लीला की चेन्नईला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पाच ते दहा लाखांच्या व्यवहारासाठी शुल्क २०० रुपये आहे. टॅक्सीवाल्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, व्यापारी प्रयोजनासाठी माल घेणारा 'ग्राहक' नसला, तरी स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी माल घेऊन वापरणारा माणूस ग्राहकच आहे, असे कायदा स्पष्ट सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात याचे विवेचन करताना स्वतः टॅक्सी चालविण्यासाठी गाडी घेणाऱ्याचेच उदाहरण दिले होते. दोन-चार गाड्या घेऊन पगारी चालक ठेवणारा मालक मात्र या संरक्षणाबाहेर पडतो. गाडी धंद्याची आहे, तुला तक्रारीचा हक्क नाही, असे शोरूममधील कर्मचारी सांगतात तेव्हा ते अर्धेच खरे सांगत असतात.

मग अडते कोठे? पहिली अडचण या कायद्याच्याच एका उपकलमात आहे. २०१९ च्या कायद्यातील उत्पादन-दायित्वाच्या नव्या प्रकरणाचा मोठा गाजावाजा झाला. परंतु 'हानी'ची व्याख्या करणारे कलम २(२२) वाचले तर दिसते की, खुद्द त्या वस्तूला झालेली हानी, वॉरंटीभंगामुळे मालमत्तेचे झालेले नुकसान आणि व्यापारी वा आर्थिक तोटा त्यातून वगळलेला आहे. गाडी पेटून माणूस भाजला तर हे प्रकरण लागू. गाडी दर पंधरा दिवसांनी बंद पडून माणूस उपाशी राहिला तर नाही. त्याने जुन्याच वाटेने, 'सदोष माल' या सदराखाली जायचे. दुसरी गोष्ट, एकतर्फी अटींचा करार 'अनुचित करार' म्हणून आव्हानित करण्याची सोय नव्या कायद्याने केली, पण ती राज्य आयोगापासून वर. सिन्नरच्या टेंपोवाल्याला छापील वॉरंटीच्या अटींविरुद्ध दाद मागायची तर राज्य आयोग गाठावा लागेल.

खरी अडचण मात्र पुराव्याची आहे. दोष उत्पादनातलाच आहे हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. १९८६ च्या कायद्यात होती आणि २०१९ च्या कायद्यातही आहे ती तरतूद अशी की, तपासणीवाचून दोष ठरविता येत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवावी. आणि त्याचे शुल्क आयोग तक्रारदाराकडून भरून घेऊ शकतो. तेलाचा डबा किंवा औषधाची बाटली मोहोरबंद करून पाठविणे सोपे आहे. गिअर कधी सुटेल हे ज्या गाडीला स्वतःलाच ठाऊक नाही, तिची तपासणी कोण करणार? पुण्यातील मोटार-संशोधनाची मोठी संस्था उद्योग आणि सरकार यांनी मिळून उभारलेली आहे. उरली अभियांत्रिकी महाविद्यालये. ज्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना त्याच कंपन्यांत नोकऱ्या हव्या असतात, तेथील प्राध्यापकाने कंपनीविरुद्ध अहवाल लिहून देणे किती अवघड असते, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

न्यायालयांच्या निकालांतही या भाराचे ओझे जाणवते. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात गाडी बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याचीच जबाबदारी घेतलेली आहे, तेव्हा संपूर्ण गाडी बदलण्याचा आदेश टिकत नाही, असे त्यामागचे कारण होते. न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९६० साली ज्या छापील मजकुराला अर्धचंद्र दिला, जवळजवळ त्याच आशयाच्या मजकुराला येथे २००६ साली प्रमाण मानले गेले. हा निकाल तेव्हापासून कंपन्यांच्या वकिलांच्या जिभेवर असतो. पुढे २०१० साली फियाट कंपनीच्या प्रकरणात, स्वतंत्र तज्ज्ञाने मूलभूत उत्पादनदोष आहे असा अभिप्राय दिल्यास किंमत परत मिळेल, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. म्हणजे दार उघडले, पण किल्ली पुन्हा तज्ज्ञाच्या हाती राहिली. एप्रिल २०२२ मध्ये मात्र ह्युंदाई कंपनीच्या क्रेटा गाडीच्या प्रकरणात एक स्वागतार्ह पाऊल पडले. २०१५ साली घेतलेल्या या गाडीला २०१७ साली अपघात झाला आणि सुरक्षा-पिशव्या उघडल्याच नाहीत. धडक पुरेशा जोराची नव्हती, असा कंपनीचा युक्तिवाद. वेग आणि बल यांचे गणित मांडण्याइतके पदार्थविज्ञान ग्राहकाला यावे अशी अपेक्षा करता येणार नाही, आणि काही घटना स्वतःच दोषाची साक्ष देतात, या आशयाची भूमिका घेऊन न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम केला. ज्ञान ज्याच्यापाशी, जाब त्याने द्यावा, हे सूत्र त्यात बीजरूपाने आहे. पण सुरक्षा-पिशवी उघडली की नाही हे फोटोतही दिसते. चढावर सुटणारा गिअर फोटोत येत नाही.

वेळेचेही तेच. २००९ साली घेतलेल्या एका बीएमडब्ल्यू गाडीच्या वादात ग्राहकाला ५० लाख रुपये देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला तो जुलै २०२४ मध्ये. तेथे ग्राहक स्वतःच एक कंपनी होती, म्हणून ती पंधरा वर्षे लढू शकली. तपासणी लागत नसल्यास तीन महिन्यांत आणि लागत असल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. पण आयोगांची पदेच सरकारे वेळेवर भरीत नाहीत, आणि त्याची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली स्वतःहून घ्यावी लागली होती.

ज्ञानाची ही विषमता अर्थशास्त्रात अपरिचित नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली आपला प्रसिद्ध निबंध मोटारींच्याच उदाहरणावर रचला. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात. विकणाऱ्याला गाडीची लक्षणे ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात खराब माल चांगल्या मालाला हुसकून लावतो, हे त्यांनी दाखविले. त्याआधी १९६७-६८ मध्ये ते दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि त्या निबंधात भारतीय सावकारीचाही विचार आहे. त्यांचे मुख्य विवेचन जुन्या गाड्यांच्या बाजाराचे होते. नव्या गाडीबाबत विषमता वेगळ्या जागी असते. ही विशिष्ट गाडी खराब निघेल हे विक्रीच्या दिवशी कंपनीलाही ठाऊक नसते. पण सहा महिन्यांनी देशभरच्या सर्व्हिस सेंटरमधून कोणत्या जातीचे किती गिअरबॉक्स परत आले, ही आकडेवारी कंपनीच्या संगणकात जमा झालेली असते. टॅक्सीवाल्याला फक्त त्याचा एक गिअरबॉक्स माहीत असतो. 'असा दोष आणखी कोणाच्याही गाडीत नाही' हे वाक्य त्याला सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर ऐकविले जाते, आणि ते खोटे ठरविण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. दोषाविषयीचे ज्ञान हीच येथे खाजगी मालमत्ता बनली आहे. समाजवाद्यांनी ज्या मालमत्तेच्या समाजीकरणाची मागणी निःशंकपणे करावी अशी ही मालमत्ता आहे.

अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशाने या दिशेने जे केले ते तरी येथे का होऊ नये? कनेक्टिकट राज्याने १९८२ साली तथाकथित 'लेमन कायदा' केला आणि पुढे सर्व राज्यांनी तसे कायदे केले. त्याचा गाभा साधा आहे. ठरावीक मुदतीत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करूनही तो राहिला, किंवा गाडी एकूण तीस दिवस कारखान्यात पडून राहिली, तर दुरुस्तीची वाजवी संधी देऊन झाली असे कायदाच गृहीत धरतो; मग गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा. ग्राहकाने यंत्रशास्त्र सिद्ध करायचे नाही. त्याने तारखा दाखवायच्या. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे पहिल्या तीस दिवसांत सदोष वस्तू सरळ परत करता येते, आणि सहा महिन्यांच्या आत दिसलेला दोष मुळातच होता असे मानून तो नव्हता हे विक्रेत्याने दाखवायचे असते. युरोपीय संघाने २०१९ च्या निदेशात ही मुदत किमान एक वर्ष केली. अशा गृहीतामुळे खोट्या तक्रारींचा पूर येईल, ही भीती कंपन्या घालतील. गृहीत खंडनीय असते. गाडी आपटल्यामुळे किंवा भलतेच तेल घातल्यामुळे बिघडली, हे दाखविण्यास कंपनी मोकळी असते. आणि दाखविण्याची साधने तिच्याचपाशी आहेत.

कर्जाची बाजूही येथे सोडून चालणार नाही, कारण टॅक्सीवाल्याला मोडते ती गाडी नव्हे, हप्ता मोडतो. शोरूममध्येच बँकेचे वा वित्तसंस्थेचे टेबल असते, विक्री आणि कर्ज एकाच दुपारी होते. पण दोष निघाला की दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. हप्ता थांबला तर गाडी उचलून नेली जाते. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक-पतपुरवठा कायद्याचे कलम ७५ विक्रेत्याशी संधान असलेल्या कर्जदात्यालाही ठरावीक मर्यादेत विक्रेत्याबरोबर जबाबदार धरते. असा नियम भारतात आला तर वित्तसंस्थाच कंपनीच्या मागे लागतील, आणि कंपन्यांना ग्राहकापेक्षा त्यांची भाषा लवकर समजते.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला सदोष वाहने परत बोलाविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कलम ११०-अ अन्वये मिळाला. त्यापूर्वी २०१२ पासून उत्पादक-संघटनेची ऐच्छिक संहिता होती. अधिकार चांगला आहे, पण तो पर्यावरणाला किंवा चालक-प्रवाशांना अपाय करणाऱ्या दोषांपुरता, आणि ठरावीक संख्येने तक्रारी आल्यावर वापरावयाचा. तक्रारी एकत्र कशा येणार, हा प्रश्न पुन्हा तेथेच येऊन थांबतो.

याचे उत्तर एसटीकडे पाहिले तर सापडते. परिवहन महामंडळ शेकड्यांनी चासी विकत घेते, दापोडीसारख्या कार्यशाळेत त्याचे स्वतःचे अभियंते असतात, आणि एकाच जातीच्या बसगाड्यांत तोच भाग वारंवार तुटला तर ते नोंदवहीत दिसते. महामंडळाला कोणी 'फक्त तुमच्याच गाडीत' असे सांगू शकत नाही. टॅक्सी-रिक्षाचालकांच्या संघटनांना हेच काम करता येईल. गाडीची जात, घेतल्याची तारीख, दोष, सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या आणि बंद राहिलेले दिवस एवढ्या रकान्यांची वही संघटनेच्या कचेरीत ठेवली तर वर्षभरात एकाच दोषाचे पंधरा-वीस मालक समोरासमोर येतील. कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे समान हितसंबंध असलेल्या सर्वांच्या वतीने एक वा अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. वीस गाड्यांतील एकच दोष हा स्वतःच तज्ज्ञाच्या अहवालाइतका बोलका पुरावा असतो. चाकण, पिंपरी, नाशिक येथील मोटार-कारखान्यांतील कामगार संघटनांशीही बोलले पाहिजे. दोष निघाला की 'कामगाराचा हलगर्जीपणा' हे कारण सर्वप्रथम पुढे केले जाते, आणि कंत्राटी माणसांच्या हातून कोणत्या वेगाने काम करून घेतले जाते हे बाहेर येणे दोघांच्याही हिताचे आहे.

दरम्यान ज्याची गाडी आज बंद पडली आहे त्याला सांगण्यासारखे थोडे आहे, पण ते नेमके आहे. प्रत्येक फेरीला जॉब कार्ड मागून घ्यावे आणि त्यावर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहवून घ्यावी. 'सर्वसाधारण तपासणी' असा शेरा असेल तर सही करू नये. गाडी आत गेल्याची व बाहेर आल्याची तारीख, त्या वेळचे किलोमीटर आणि बदललेल्या भागाचे नाव कागदावर यावे. दुसऱ्या फेरीनंतर विक्रेता आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही रजिस्टर्ड पत्र पाठवावे, कारण आयोगापुढे दोघे एकमेकांकडे बोट दाखवितात. हप्ते रागाच्या भरात थांबवू नयेत. वित्तसंस्थेला मात्र दोषाची लेखी कल्पना द्यावी. आणि मुदतीकडे लक्ष ठेवावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते, तर वॉरंटी पुष्कळदा त्याहून अधिक काळाची असते. पुढच्या दुरुस्तीने तरी गाडी सुधारेल या आशेवर सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या घालीत बसलेल्या माणसाची दोन वर्षे तेथेच संपतात. आणि त्यानंतर विलंब माफ करून घेण्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी कारणे लागतात.